दोन सख्खे भाऊ, दोन आडनावं: देवगडच्या एका 'तांडेल' घराण्याचं प्रकरण

हे प्रकरण खरं आहे, घरच्यांना विचारून लिहितोय. गावाचं नाव, माणसांची नावं आणि दुसरं आडनाव मुद्दाम देत नाही. ते दुसरं आडनाव गावाच्या नावाला 'कर' लावून झालेलं आहे, त्यामुळे ते लिहिलं की गाव उघडच पडलं, म्हणून खाली सगळीकडे नुसतं 'गावकर आडनाव' असं म्हणतो. मी जुने मोडी कागद वाचून देतो, त्या निमित्ताने माझा यात संबंध आला.

पार्श्वभूमी

कुटुंब मूळ देवगड तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका वाडीतलं, जात गाबीत, म्हणजे दर्यावर्दी मच्छीमार. एक शाखा गावात, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) आणि थोडी आंब्याची कलमं. दुसरी शाखा मुंबईत, आधी माझगाव, मग भांडुप, आता पोरं डोंबिवली-पुण्यापर्यंत पसरलेली. गावातले गावकर आडनाव लावतात, मुंबईतले तांडेल. गणपतीला सगळे एकाच घरात, सुतक एक, देवाचा खर्च एक, आणि तरी दोन आडनावं. गंमत म्हणजे हे कुणाला विचित्र वाटतच नव्हतं, "ते मुंबईचे तांडेल" असं म्हणून विषय संपायचा.

तांडेल म्हणजे काय हे किनाऱ्यावर सांगावं लागत नाही, पण घाटावरच्या वाचकांसाठी एका ओळीत सांगतो. बोटीचा मालक तो नाखवा, बोट प्रत्यक्ष चालवणारा, जाळं कुठे टाकायचं, कधी फिरायचं हे ठरवणारा तो तांडेल, आणि बाकीचे खलाशी. मोठ्या आगबोटींवर देशी खलाशांत सगळ्यात वर सारंग, त्याच्याखाली तांडेल, इंग्रज कागदात त्याला टिंडल लिहायचे. आणि हे नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे: मुंबईच्या गोदीत सुद्धा टिंडल ही पोस्ट होती, अवजड माल उचलणाऱ्या, दोर-कप्प्या सांभाळणाऱ्या टोळीचा मुकादम.

आता हा हुद्दा वलसाड-दमणपासून मुंबईचे कोळीवाडे धरून खाली कारवारपर्यंत सगळीकडे आहे, त्यामुळे तांडेल आडनावही तसंच पसरलंय. माच्छी आहेत, कोळी आहेत, गाबीत आहेत, खारवी आहेत. चार वेगळ्या जाती, चार राज्यं, आडनाव एक.

अडचण

मुंबईच्या शाखेतली एक मुलगी बारावीला. प्रवेशासाठी जात पडताळणी हवी. त्यांच्या प्रवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबांचा गावच्या शाळेतला दाखला होता, त्यात आडनाव तांडेल, पण जातीच्या रकान्यात नुसतं 'हिंदू'. म्हणजे तारखेला पास आणि जातीला नापास. चुलत आजोबांचा, म्हणजे आजोबांच्या सख्ख्या मोठ्या भावाचा दाखला त्याच शाळेतला, त्यात जात स्वच्छ 'हिंदू गाबीत', पण आडनाव गावकर. वंशावळीत दोघं सख्खे भाऊ दाखवले की समोरचा विचारणारच, सख्ख्या भावांची आडनावं वेगळी कशी?

आणि इथेच घरात दुसरंच भांडण सुरू झालं, कारण "आपण मुळात कुठले" यावर प्रत्येकाकडे एक तयार उत्तर होतं.

थोरल्या काकांचं म्हणणं, आपण आंग्र्यांच्या आरमारातले तांडेल. १७५६ ला विजयदुर्ग पडला तेव्हा आपले लोक किनाऱ्यावर विखुरले, त्यातले आपण. पुण्यातल्या चुलतभावाचं म्हणणं, आपण गुजरातचे, कारण तो फेसबुकवर तांडेल लोकांच्या ग्रुपमध्ये होता आणि तिथले बहुतेक वलसाड बाजूचे. गावातली म्हातारी माणसं मात्र एकच सांगायची, "आमचो पणजो सांगी, देव घेवन गोयातसून इलाव." म्हणजे देव घेऊन गोव्यातून आलो.

या तिन्ही उत्तरांचा पडताळणीच्या फॉर्मशी काही संबंध नव्हता खरं तर, पण वंशावळ लिहायला बसले की मूळपुरुष कोण, गाव कुठलं, इथूनच सुरुवात होते, आणि काकांनी शपथपत्राच्या मसुद्यात "आरमारी घराणे" असं घालून ठेवलं होतं. वकिलाने ते खोडलं, त्यावरून आठवडाभर अबोला.

समोर काय काय पर्याय होते

पहिला, सगळ्यात सोपा वाटणारा: राजपत्रात नाव बदलून घ्यायचं, मुंबईकरांनी सरळ गावकर आडनाव लावायचं. एजंट लोक हेच सुचवतात. पण राजपत्र आजपासून पुढचं नाव बदलतं, मागे दोन माणसं भाऊ होती हे त्यातून सिद्ध होत नाही. उलट कागदात तिसरी विसंगती वाढते. हा पर्याय सोडला आणि बरं झालं सोडला.

दुसरा, डीएनए टेस्ट, अर्थात पुण्याच्या भावाचा आग्रह. समजा निघालं की वलसाडच्या कुणाशी पाच-सात पिढ्यांपूर्वीचा धागा जुळतो, तरी त्याने १९६७ च्या आधीचा जातीचा कागद मिळत नाही. हौस म्हणून करा, या कामासाठी नको, असं मी स्पष्ट सांगितलं. त्याने तरी पैसे भरलेच, तो भाग वेगळा.

तिसरा पर्याय गावातून आला, देवाला कौल लावून विचारूया. यात हसण्यासारखं काही नाही, गावऱ्हाटीत, म्हणजे गावच्या देवाच्या रीतीत, जमिनीपासून लग्नापर्यंत सगळं असंच विचारतात. पण कौल हो की नाही सांगतो, साल सांगत नाही.

चौथा, आडनावाचा माग सोडून द्यायचा आणि माणसांचा माग काढायचा: बापाचं नाव, गाव, जात आणि देव या चार गोष्टी धरून एकेका कागदात मागे जायचं, आडनाव जुळो न जुळो.

माझं मत पहिल्यापासून चौथ्या पर्यायाचं होतं. मालवणात चोडणेकर आहेत, वेंगुर्ल्याकडे मांद्रेकर, पेडणेकर आहेत, अशा आडनावात निदान गाव तरी सापडतं, चोडण बेट, मांद्रे, पेडणे, तिकडे जाऊन शोधता येतं. तांडेल, सारंग, तारी अशा धंद्याच्या आडनावात नुसतं काम सापडतं, आणि ते काम अख्ख्या किनाऱ्यावर होतं. आरमाराच्या प्रत्येक गलबताला तांडेल असणारच, त्यातला आपला कुठला हे आडनाव कसं सांगणार? शिवाजी महाराजांच्या आरमारात दर्यासारंग होता म्हणून प्रत्येक सारंग आडनावाचा माणूस स्वतःला त्याचा वंशज समजतो, तसंच हे.

काय केलं

सगळ्यात आधी शाळा. गावच्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर पाहायला मुख्याध्यापकांनी बसू दिलं. दाखला म्हणजे रजिस्टरमधल्या ओळीची नक्कल, पण सगळे रकाने नकलेत येत नाहीत, त्यामुळे मूळ ओळ बघायचीच. आजोबांच्या ओळीत 'पूर्वीची शाळा' या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, मुंबई म्युनिसिपल शाळा, आणि पुढे शेरा, तिकडच्या दाखल्यावरून दाखल. दाखल तारीख जून १९४४.

१९४४ वाचलं आणि मी थांबलो. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टायकिन बोटीचा स्फोट झाला. गोदीच्या आसपास राहणाऱ्या कोकणी लोकांनी बायकापोरं गावी धाडली. माझगावात राहणारं घर, बाप गोदीत, आणि धाकटं पोर जूनमध्ये गावच्या शाळेत. सगळं एका ओळीत बसत होतं. मोठा भाऊ त्याच्या आधीच गावात आजीजवळ शिकून गेलेला, त्याची ओळ काही पानं मागे, तिथे पूर्वीची शाळा काही नाही, पहिलीतच दाखल, गावच्या मास्तरांनी गावची पद्धत म्हणून गावाचं नाव लावलेलं. दोन्ही ओळींत बापाचं नाव एकच.

आता बापाचं, म्हणजे पणजोबांचं आडनाव तांडेल कुठून आलं? आजोबांची एक बहीण अजून हयात, गावातच राहते, नव्वदीच्या जवळ. तिला या प्रकरणात कुणी विचारलंच नव्हतं, बाई माणूस, सासरी गेलेली, तिला काय आडनावाचं ठाऊक असणार असं धरून चाललेले. मी विचारलं तर तिने काजू सोलता सोलता सांगून टाकलं, "तांडेल ह्यां आडनाव नाय रे, ती बाबांची नोकरी. मोठो भाव गावात शाळेत गेलो, तेका गावाचा नाव लावल्यानी. धाकट्याक मुंबयच्या मास्तरान तांडेल केल्यान."

झालं की. पण बाईचं सांगणं जात पडताळणी समितीपुढे पुरावा म्हणून एकटं उभं राहत नाही, त्याला कागदाचा टेकू हवा.

तो कागद निघाला माझगावच्या खोलीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोकणातल्या गावांच्या मुंबईत खोल्या असायच्या, काही अजून आहेत, गावातले एकटे पुरुष तिथे ट्रंक ठेवून राहायचे, आणि गावच्या देवासाठी, शाळेसाठी वर्गणी गोळा व्हायची. खोली चालवणाऱ्या गावच्या मंडळाच्या वर्गणीच्या वह्या कपाटात होत्या, कसर लागलेल्या, पण होत्या. एका वहीत पणजोबांचं नाव, बापाचं नाव, गावकर आडनाव, आणि पुढे कंसात 'तांडेल, गोदी'. कंसाचं कारण पण तिथेच दिसतं, लगेच वरच्या ओळीत त्याच नावाचा दुसरा माणूस आहे, त्याच्यापुढे कंसात त्याच्या वाडीचं नाव. हिशेब लिहिणाऱ्याला दोघांत फरक करायचा होता, म्हणून एकाला वाडी आणि एकाला नोकरी चिकटवली. दोन्ही आडनावं एका माणसाच्या नावावर एका ओळीत, आम्हाला याहून जास्त काही नको होतं.

मग जातीचा पुरावा. तहसीलमधून गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंद, लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्याच्या नकला मागवल्या. मोडीत आहे. तिथे मुलाचं नाव नसतंच, 'मुलगा झाला', बापाचं नाव, जात, गाव. आजोबांच्या जन्माची नोंद मिळाली, जात गाबीत, साल १९३५, पण महिना कार्तिकातला. आणि शाळेत जन्मतारीख १ जून १९३५. त्या काळी मास्तर लोक सरसकट १ जून टाकायचे हे सगळ्यांना माहीत आहे, पण कागदावर फरक तो फरकच.

इथे खरा निर्णयाचा क्षण आला. वकिलाचं म्हणणं, ही नकल जोडूच नका, वर्गणीची वही आणि मोठ्या भावाचा दाखला पुरे, उगाच तारखेचा घोळ कशाला. मुलीच्या वडिलांनाही तेच पटत होतं. मी उलट सांगितलं, कारण समितीचं दक्षता पथक चौकशीला गावात गेलं की हे बुक ते स्वतः काढणार, आणि आपण लपवलेलं त्यांनी शोधलं तर बाकीच्या चांगल्या कागदांवरही संशय येतो. दोन दिवस घरात खल झाला. शेवटी मुलगीच म्हणाली, जोडा, आणि शपथपत्रात १ जूनचं कारण लिहा. तसं केलं. त्या वर्षी त्या बापाच्या नावावर गावात दुसरा कुठलाच जन्म नोंदलेला नाही, हेही सोबत दाखवलं.

त्याच्याही मागे जायचं म्हणून भूमी अभिलेखातून बोटखत काढलं. १८८० च्या खोती कायद्यानंतर खोती गावांत (जिथे सारा खोतामार्फत जायचा) कुळं, त्यांचे नंबर, खोताला द्यायचा फायदा याची जी नोंद झाली ती म्हणजे बोटखत. दर्यावर्दी माणसांना जमीन कुठली, सातबाऱ्यात ते सापडतच नाहीत, म्हणून फार आशा नव्हती. पण किनाऱ्यालगतच्या एका घरठाणावर पणजोबांच्या आजोबांचं नाव सापडलं, 'अमुक बिन तमुक गाबीत'. आडनाव नाहीच. ना तांडेल, ना गावकर. नाव, बाप, जात, आणि खोताला काय द्यायचं ते.

मुळाचं काय झालं

गुजरातचा दावा सगळ्यात आधी गळाला. पुण्याचा भाऊ वलसाडकडच्या दोन तांडेल कुटुंबांना भेटून आला, माणसं भली, पाहुणचार केला, पण कुलदैवत वेगळं, जात वेगळी, सोयरीक कधी नाही, भाषा वेगळी. आणि मुख्य म्हणजे आपल्याकडे तांडेल हे नाव गोदीत चिकटलंय हे कळल्यावर त्या प्रश्नात दमच राहिला नाही.

आरमाराचा दावा काकांनी सोडलेला नाही. त्यांना मी एवढंच म्हणालो, १७५६ नंतर सुद्धा विजयदुर्गला पेशव्यांचं आरमार होतंच, आनंदराव धुळपांच्या हाताखाली, आणि १८१८ ला पेशवाई गेली तेव्हा किनाऱ्यावरच्या किती खलाशांची रोजी गेली असेल, त्यात आपलं कुणी असूही शकतं. पण ते 'तांडेल' या आडनावावरून म्हणता येत नाही, कारण हे आडनाव घरात आलं १९३० च्या पुढे. काकांना लागलं ते वेगळंच. आरमारी तांडेल म्हणवून घेतलेला माणूस गोदीतला मुकादम निघाला. मला विचाराल तर अलेक्झांड्रा डॉक १९१४ ला सुरू झाल्यावर जी पिढी गावातून जाऊन त्या गोद्यांत राबली, आणि त्यात खलाशाचा तांडेल होऊन दाखवलं, त्या माणसाची किंमत गलबतावरच्या तांडेलापेक्षा कमी का धरायची? पण मानापानाचं गणित कुणाच्या हातात नसतं.

गोव्याचं सांगणं मला जास्त वजनदार वाटतं. कुलदेवता गोव्यात, दर काही वर्षांनी ओटी भरायला जातात, आणि गाऱ्हाण्यात तिचं नाव गावच्या देवांच्या आधी घेतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्यात देव हलले हे तर सर्वांना माहीत आहे, मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला गेला तो १५६० ला, देवांमागे आणि देवांआधी माणसंही हलली. या घराची माणसं त्या लाटेतली की नंतर मासळीमागे वर सरकलेली, हे देव सांगत नाही. वंशावळीत आम्ही गोवा घातलं नाही. बोटखतातल्या नावापर्यंत थांबलो.

निकाल

दक्षता पथक गावात आलं, कोतवाल बुक त्यांनी स्वतः पाहिलंच, आणि १ जूनबद्दल विचारलंच. उत्तर शपथपत्रात आधीच होतं. वर्गणीच्या वहीवर त्यांनी बराच वेळ घातला, शाईचा रंग, मागची-पुढची पानं, मंडळाच्या आत्ताच्या सेक्रेटरीचा जबाब. वैधता प्रमाणपत्र मिळालं, पण पहिल्या प्रवेश फेरीनंतर, त्यामुळे मुलीला मनातलं कॉलेज हुकलं, दुसऱ्या फेरीत रत्नागिरीला लागलं. आता तिच्या प्रमाणपत्राच्या जोरावर धाकट्या चुलतभावंडांचं काम सोपं होईल.

परत असं प्रकरण आलं तर

अकरावीतच सुरुवात करायला हवी, बारावीच्या निकालानंतर धावाधाव करून तहसील आणि भूमी अभिलेखाच्या नकला वेळेत मिळत नाहीत. म्हाताऱ्या बायकांना सगळ्यात आधी विचारायचं, आणि सासरी गेलेल्यांना तर नक्की. सासरी त्यांच्यावर माहेरच्या आडनावाचा डोलारा सांभाळायची जबाबदारी नसते, त्यामुळे त्या सरळ सांगतात. आतेआजींचा जबाब लगेच मोबाईलवर रेकॉर्ड केला आणि शपथपत्र करून घेतलं ते फार उपयोगी पडलं. तिच्याकडे पहिल्या आठवड्यात गेलो असतो तर माझगावच्या खोलीची आठवण महिनाभर आधी निघाली असती.

मंडळांनी वह्यांचं काही करायला हवं. या वहीची अर्धी पानं हात लावला की सुटतात. मी सेक्रेटरींना फोटो काढून ठेवायला सांगितलं, त्यांनी १९५० पर्यंतच्या वह्यांचे काढले, पुढच्या अजून व्हायच्या आहेत, आणि खोली विकायची चर्चा चालू आहे.

एक गोष्ट अजून मिटलेली नाही. पुण्याच्या भावाला आता पोराचं आडनाव गावकर करायचंय, म्हणतो खरं आडनाव तेच. काका म्हणतात, बोटखतात तर तेही नाही, मग त्याला खरं कसं म्हणतोस? या मुद्द्यावर मी काकांच्या बाजूने आहे, आणि मुलीनेही कॉलेजच्या फॉर्मवर तांडेलच लिहिलंय.